घोडघळीतली अडकलेली धाव

मित्रांनो, मी एक जुना रिळाचा कॅमेरा आहे. तुमच्या मोबाईलसारखा दिवसभर बडबडत नाही मी. एक फोटो काढायचा तर आधी रीळ पुढं सरकवा, उजेड जोखा, श्वास धरा, मग बटण दाबा. माझं अंग लोखंडी आहे, वजनही चांगलंच आहे, आणि नखरे म्हणाल तर नव्या नवरीला मागं टाकतील असे.

भूमच्या एसटी डेपोत प्रेमानंद नावाचे मेकॅनिक होते. त्यांनी मला सोलापूरच्या जुन्या बाजारातून आणलं. हात ग्रीसनं काळे, पण मला धरताना ते आधी साबणानं धुवायचे. लग्नाचे फोटो काढा म्हणून लोक मागं लागायचे, पण यांना वेड डोंगराचं. पाऊस सरला, आश्विन लागला, सीताफळाचे डोळे उघडले की ते मला गळ्यात अडकवून बालाघाटातल्या घोडघळीत उतरायचे.

घोडघळ म्हणजे डोंगराला उभी पडलेली चीर. वर रानात सोयाबीन काढणाऱ्या मळणी यंत्राची घरघर चालू असते, आणि चार वळणं खाली उतरलं की कानावर कुणी हात ठेवावा तसं सगळं बंद होतं. दोन्ही बाजूंनी पिवळं गवत, तळाला काळं पाणी आणि पाण्याकाठी एक काळा खडक. ऊन तिथं दुपारी थोडा वेळ येतं आणि लगेच निघून जातं. पाखरंसुद्धा तिथं बोलत नाहीत. खरं सांगतो, मला ती जागा कधी आवडली नाही.

प्रेमानंद म्हणायचे, "माणूस उभा असल्याबिगर घळीची खोली कळत न्हाय." म्हणून ते मला तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवायचे, माझ्या पोटावरची छोटी दांडी फिरवायचे, बटण दाबायचे आणि पळत जाऊन त्या खडकावर उभे राहायचे. दांडी कर्रर्र करत आपल्या जागी परतली की माझा डोळा उघडायचा. असे कितीतरी आश्विन मी त्यांना खडकावर धापा टाकत हसताना टिपलं.

धुळाप्पा नावाचे धनगर तिथं मेंढ्या चारायचे. ते दर खेपेला बजावायचे, "भाऊ, घळीत पळायचं न्हाय. इथं पाण्यातल्या आसरा हायेत. पळणाऱ्याला त्या सोबत न्हेतात."

प्रेमानंद हसायचे. "आमी बुद्धाची माणसं, आप्पा. आमच्यात आसरा न्हाईत."

एका आश्विनात ते सकाळी बायकोशी भांडून निघाले. सरुबाई बोलून गेल्या, "फोटो खाऊन पोट भरतंय का?" ते डबा न घेताच निघाले. त्या दिवशी घळीत धुकं होतं आणि माझ्या आतलं तेल गारठलं होतं. त्यांनी दांडी फिरवली, बटण दाबलं, पळाले. अर्ध्यातच माझी दांडी अडकली. पुढं धुक्यात काहीतरी पाण्यात पडल्याचा आवाज झाला. नंतर पाणीही गप्प झालं.

धुळाप्पांनी त्यांचा देह बाहेर काढला, मला घरी पोचवलं. गाव काय, बोलायला मोकळंच. बायकोशी भांडला आणि उडी टाकली, म्हणाले. सरुबाईंनाही तेच खरं वाटलं. त्यांनी मला नवऱ्याच्या मफलरीत गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. अडकलेली दांडी कुणी पाहिलीच नाही. वर्षानुवर्षं मी तसाच पडून होतो, अर्धा फोटो पोटात घेऊन. रोज सरुबाईंच्या चपलांचा आवाज ट्रंकेपाशी येऊन थांबायचा.

गेल्या आश्विनात त्यांच्या मुलीनं, संघप्रियानं, ट्रंक उघडली. ती आता बेंबळीच्या शाळेत शिकवते. सरुबाई म्हणाल्या, "त्या घळीचं नाव काढू नको." पण पोरगी बापाच्या वळणावर गेलेली. वाट दाखवायला धुळाप्पांना घेऊन ती खाली उतरली आणि त्याच जागी तिनं मला उभं केलं. रिळात फोटो शिल्लक होते.

ऊन आलं. माझं अंग तापलं, आतलं घट्ट तेल पातळ झालं. आणि कुणी हात न लावता माझी दांडी चालू लागली. कर्रर्र.

लहानपणी घरच्या अंगणात हा आवाज आला की बाबा ओरडायचे, "पळ!" आणि संघप्रिया धावायची. आताही तिचे पाय आपोआप निघाले. पुढं शेवाळ होतं, हिरवंगार, ओलं. मला सगळं दिसत होतं आणि मला तोंड नाही, मित्रांनो.

"हळू, बाळा."

ती जागीच थांबली. वळून धुळाप्पांना म्हणाली, "मामा, तुम्ही हाक मारलीत?"

धुळाप्पांचं तोंड तंबाखूनं भरलेलं. त्यांनी पिंक टाकली आणि बारीक आवाजात म्हणाले, "म्या न्हाय."

तेवढ्यात माझा डोळा उघडून मिटला.

संघप्रिया हळूहळू माझ्याजवळ आली. आपल्या जागी परतलेली दांडी तिनं बोटानं चाचपली आणि धुळाप्पांकडे वळली. "मामा, मी दांडीला हातही लावला नव्हता, हे बाबांनीच लावलेलं होतं. ते फोटोत यायला पळत होते. जीव द्यायला निघालेला माणूस स्वतःचा फोटो कशाला काढेल?"

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. सरुबाईंनी मला मांडीवर घेतलं. लेकीनं दांडी फिरवून बटण दाबलं. तो आवाज थांबेपर्यंत त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी रागावून न्हवते गेले." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळ्या रडल्या.

तो फोटो आता भिंतीवर आहे. वाटेत थबकलेली संघप्रिया, आणि मागं खडकावर उजेडाचा एक उभा पट्टा, माणसाच्या उंचीचा. रीळ धुणारा म्हणाला, कॅमेऱ्यातला उजेड अडवणारा स्पंज विरलाय, उजेड आत शिरतो. विरलाय खरा. पण तो डाव्या कोपऱ्यात विरलाय, आणि पट्टा अगदी मधोमध आहे.

सरुबाई रोज मऊ फडक्यानं मला पुसतात. मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी म्हातारा असेल. त्याला ट्रंकेत टाकण्याआधी एकदा हातात घ्या, त्याचं रीळ काढा, दांडी मोकळी करा. कुणाची तरी धाव त्याच्या पोटात अडकलेली असेल, आणि घरी कुणीतरी स्वतःलाच दोष देत बसलेलं असेल.