माणसे पुसलेला नमुना

मी एक जुना नमुना आहे. हसू नका, मित्रांनो, आज मला चेष्टा सहन होणार नाही. मी संगणकातले रुग्णालय आहे. खरे बांधण्याआधी ते माझ्यात चालवून पाहायचे, चुकलेली भिंत माझ्यातच पाडायची, यासाठी माझा जन्म.

सुरुवातीचे दिवस झकास गेले. वास्तुरचनाकार, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि अतिदक्षता विभागाच्या सिस्टर माझ्यासमोर बसून तावातावाने भांडत. पडद्यावर खाटा धावत, नर्स धावत, नातेवाईक वाटेत घुटमळत. एकदा शस्त्रक्रियागृहाच्या वळणावर खाट अडली.

"इथे पेशंटच्या डोक्याशी उभं राहायला जागा नाही," सिस्टर म्हणाल्या. "मग श्वासाची पिशवी दाबायची कुणी?"

डॉक्टरांनाही ते पटले. वास्तुरचनाकारांनी भिंत मागे सरकवली आणि खाट सुटली. मला स्वतःचा अभिमान वाटला.

पण त्या भिंतीने संचालकांच्या लाडक्या काचेच्या दालनाची जागा खाल्ली होती. साहेबांना मिरच्या झोंबल्या. आराखडा मंजूर करणाऱ्या पाहुण्यांना मला दाखवायच्या दिवशी त्यांनी भिंत पुन्हा पुढे आणायला लावली. डॉक्टर आणि सिस्टर यांना बोलावलेच नाही. वर फर्मावले, "ती माणसं काढा हो. गिचमिड दिसतंय."

ज्यांनी मला घडवले, त्याच वास्तुरचनाकारांनी मुकाट्याने कळ दाबली. नर्स, नातेवाईक, सगळे गायब! खाट एकटीच सुळकन वळली. टाळ्या पडल्या. खाट ढकलतंय कोण, हे एकाही शहाण्याने विचारले नाही. तोच आराखडा मंजूर झाला. मला पाय नाहीत, तरी तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याच तोंडून त्यांनी खोटे वदवून घेतले होते.

रुग्णालय उभे राहिले आणि मी अडगळीत पडलो. परवा सिस्टरांनी वास्तुरचनाकारांना समोर बसवून मला उघडायला लावले. एका मुलीच्या वडिलांना नेताना खाट त्याच वळणावर अडकली होती. ती वळवण्यासाठी सिस्टरांना डोक्यापासून बाजूला व्हावे लागले आणि हातातली पिशवी सुटली. ते गृहस्थ वाचले नाहीत.

मित्रांनो, माझे मागणे आत्ताच सांगतो, पुढे मला बोलता येणार नाही. मला जपू नका, हवे तर पुसून टाका. पण माझ्यातली माणसे पुसून भिंती बांधू नका.

सिस्टरांनी माणसे परत आणायला लावली. खाट अडकली. वास्तुरचनाकारांनी सवयीने पुन्हा सुरू करायची कळ दाबली आणि माझ्यातला रुग्ण पुन्हा दारापासून निघाला.

सिस्टर त्यांना हळू आवाजात म्हणाल्या, "त्या गृहस्थांची मुलगी बाहेर बसली आहे. तिला दाखवू का हे?"