सकिनाभाभींनी रंगवलेली डिश

मित्रांनो, मी एक जुनी डिश आहे. जेवणाची नव्हे, गच्चीवरची. बारा फुटी, लोखंडी जाळीची. भोरमध्ये केबल आली तेव्हा मी घरोघर मालिका पोहोचवल्या. पुढे केबलवाल्याने नवी डिश आणली आणि मला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या अल्लाउद्दीनचाचांना देऊन टाकले.

त्याच सुमारास पेपरात आले, की चंद्रावर बर्फ असावा. तिथे हवा नाही. ध्रुवाजवळच्या काही खड्ड्यांत ऊन कधीच पोहोचत नाही, पण रडारच्या लहरी पोहोचतात आणि बर्फावरून जरा वेगळ्या होऊन परततात. चाचा हरखले. त्यांनी लहरी पाठवण्याचा रीतसर परवाना काढला आणि माझ्या तोंडापुढच्या डब्यात, जिथून लहरी जातात-येतात तिथे, नवी तार बसवली. बर्फ ओळखणे आमच्या आवाक्यातले नव्हते, हे मला ठाऊक होते. त्यांनाही असावे. पण टिकटिक पाठवायची आणि अडीच सेकंदांनी तीच चंद्राकडून ऐकायची, एवढे तर जमणार होते. घाई होती, कारण त्यांचे कान जात चालले होते.

"एकदा ऐकतो, मंग भैरा झालो तरी चालंल," ते म्हणायचे.

आमच्याकडचा पाऊस लोखंड खातो. म्हणून मे महिन्यात सगळे गज, पत्रे रंगवतात. चाचांच्या पत्नीने, सकिनाभाभींनी, मलाही चंदेरी रंग दिला. डब्याचे प्लास्टिकचे झाकणसुद्धा सोडले नाही.

"आवो, बघा की, कशी चमकतीया!"

"लई झ्याक!" चाचा म्हणाले.

त्या रंगात धातूची पूड होती. झाकणातून लहर ना बाहेर जाई, ना आत येई. मी सांगणार कशी? आठ वर्षे दर मे महिन्यात नवा हात बसला. आठ वर्षे चाचा हेडफोन लावून बसले, तारा बदलत राहिले.

मग भाभींचे गुडघे गेले आणि रंग थांबला. दोन पावसाळ्यांत मी गंजले. झाकणावरचे पोपडे गळून पडले.

एका संध्याकाळी चाचांनी मला पुन्हा चंद्राकडे वळवले. टिकटिक गेली. आणि मित्रांनो, ती परत आली! क्षीण, पण स्पष्ट. चाचा दोन्ही हातांनी हेडफोन दाबून बसले होते.

जिना चढवत नव्हता म्हणून भाभींनी अंगणातूनच विचारले, तेही हाताने; हाकेला चाचा आता वळत नसत.

"न्हाई," चाचा म्हणाले. "मुका हाय त्यो."

आता मी भंगारात आहे. वस्तूची निगा जरूर राखा, पण तिचे काम कुठून चालते तेही बघा. आणि भोरला गेलात तर चाचांना यातले काही सांगू नका. भाभींना तर मुळीच नको.