रश्मीचे टब

प्रतिभाच्या अंगणात सहस्रदल कमळ पहिल्यांदा फुललं त्या सकाळी रश्मीला रक्ताचा कॅन्सर असल्याचं ग्रुपला कळलं.

सहस्रदलाचा कंद प्रतिभानं तीन वर्षं जपला होता. आधीच्या दोन्ही उन्हाळ्यांत कळी धरून ती तशीच काळी पडून गळाली होती. या खेपेला मात्र सकाळी सडा टाकायला ती दार उघडून बाहेर आली आणि बादली हातातच राहिली. चेंडूसारखं गच्च, गुलाबी फूल टबावर डोलत होतं. तिनं नवऱ्याला, बिरदेवला हाक मारली, सासूला हाताला धरून बाहेर आणलं, चारी बाजूंनी फोटो काढले आणि ‘अंगणातली कमळं’ या ग्रुपवर टाकले. हा ग्रुप तिनंच सुरू केला होता. लॉकडाऊनमध्ये, अकरा बायकांना घेऊन. आता त्यात पार नागपूर-कोल्हापूरचे हजारभर लोक होते.

फोटोखाली चार हार्ट आले. बाकी सगळा ग्रुप वरच्या मेसेजवर होता. तो केंदूरच्या धनश्रीनं टाकला होता. प्रतिभाच्या बरोबरीनं ग्रुप सांभाळायची तीच. ‘आपल्या कुरकुंभच्या रश्मीला ब्लड कॅन्सर निघालाय. पुण्यात अ‍ॅडमिट आहे. प्लेटलेट द्यायला कोण कोण येऊ शकेल?’

प्रतिभाला धक्का बसला. रडूही आलं. रश्मी तिच्याहून बारा वर्षांनी लहान, एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये कामाला. पहिला कंद तिनं प्रतिभाकडूनच नेला होता. माती किती, शेणखत किती, टबात पाणी किती बोटं ठेवायचं, सगळं फोनवर विचारून विचारून शिकली होती. डोळे पुसून प्रतिभानं ‘काळजी घे गं, आम्ही सगळे आहोत’ असं लिहिलं. मग बोट आपोआप वर सरकलं आणि सहस्रदलाच्या फोटोखाली पाचवा हार्ट आला का, हे तिनं पाहिलं. आला नव्हता.

त्यानंतरचे दोन महिने ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. पुण्यातल्या बायका पाळी लावून प्लेटलेट देऊन येत होत्या. हडपसरची एकजण रोज डबा पोचवायची. दवाखान्यात खरी फुलं चालत नाहीत, म्हणून रोज सकाळी जो तो आपल्या फुलाचा व्हिडिओ रश्मीच्या नावानं टाकायचा. रश्मी कधी कधी बारीक आवाजात दोन वाक्यं बोलून पाठवायची. त्या दोन वाक्यांवर शंभर-शंभर उत्तरं यायची.

प्रतिभाही व्हिडिओ टाकायची. पण टाकताना आत काहीतरी टोचायचं. ग्रुप आपण उभा केला, कंद आपण वाटले, आणि आता लोक ‘रश्मीचा ग्रुप’ म्हणतात. आपलं फूल हे आपलं राहिलंच नाही, रश्मीसाठीचं झालं. असं मनात आलं की तिची तिलाच लाज वाटायची. मरणाच्या दारात असलेल्या पोरीचा हेवा कोण करतं?

एके दिवशी रश्मीचा नवरा महेंद्र छोट्या टेम्पोत तिचे सगळे टब घेऊन यवतला प्रतिभाच्या घरी आला.

“जय भीम, ताई. डॉक्टर म्हणाले, घरात माती नको, साचलेलं पाणी नको. इन्फेक्शनची भीती हाय. रश्मी म्हणाली, ठेवायचे तर प्रतिभाताईंकडंच ठेवा.”

“ठेवा की. हितं काय जागेला तोटा न्हाई,” प्रतिभा म्हणाली. रश्मीनं आपलं नाव घेतलं, हे ऐकून तिला बरं वाटलं. तेही फार टिकलं नाही. रविवारी माणसं येऊ लागली. कुणी पुण्याहून, कुणी शिरूरहून. अंगणात शिरताच विचारायची, “रश्मीचे टब कुठले?” मग प्रतिभाच्या टबांच्या मधून वाट काढत तिकडं जायची, फोटो काढायची, चहा घेऊन निघायची.

सगळ्यांचा जीव एका टबावर होता. रश्मीनं स्वतः दोन कमळांचा संकर करून, बी रुजवून वाढवलेलं रोप. ते अजून एकदाही फुललं नव्हतं. कसलं फूल येईल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. श्रावणात त्याला कळी आली. धनश्रीनं ग्रुपवर लिहिलं, ‘याचं नाव रश्मीच ठेवायचं!’ दिवसभर टाळ्या पडत राहिल्या.

त्या रोपाची आई प्रतिभानं दिलेल्या कंदातून वाढलेली होती. हे रश्मीनं कधीतरी प्रतिभाला सांगितलं होतं. ग्रुपवर कुणाला माहीत नव्हतं, आणि प्रतिभानं आपण होऊन सांगायचं म्हणजे कसंतरीच दिसलं असतं.

कळी उमलली त्या दिवशी आभाळ झाकोळलेलं होतं. पांढऱ्या पाकळ्या, कडेला नखाएवढी गुलाबी झाक आणि देठाकडं पोपटी. असं फूल प्रतिभानं कधी पाहिलं नव्हतं. ती टबाशेजारी उकिडवी बसली. फोटो काढले. मेसेज लिहिला. पुसला.

एवढं एक आपल्यापाशी राहू दे, असं तिच्या मनात आलं. आजचा दिवस.

कुशाबाई, तिची सासू, काठी टेकत आली. “फुललं की गं! पोरीला कळिवलंस का?”

“कळिवलं,” प्रतिभा म्हणाली.

दुपारी धनश्रीचा मेसेज आला, ‘ताई, उमललं का?’ प्रतिभानं लिहिलं, ‘अजून नाही.’

दुसऱ्या दिवशी फूल पुरतं उघडलं, ओंजळीत मावणार नाही एवढं. धनश्रीनं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच लिहिलं. आता सांगायचं तर आदल्या दिवसाचं काय सांगायचं, असा नवा पेच पडला होता. तिसऱ्या दिवशी पाकळ्या गळायला लागल्या.

त्याच सकाळी महेंद्र फाटकात मोटरसायकल लावून आत आला. रात्रपाळी करून थेट पुण्याला निघाला होता. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली.

“रश्मीला आयशीयूत न्हेलंय, ताई. ताप उतरंना. आत न्हेताना फोनवर म्हणाली, येता येता कळी बघून ये.”

तो टबापाशी गेला. पाण्यावर पाकळ्या तरंगत होत्या. दांड्यावर नुसता पिवळा गाभा उरला होता. त्यानं वाकून पाहिलं.

“उमलून गेलं वाटतं?”

वाऱ्यानं गळालं, पावसानं झोडपलं, काहीही सांगता आलं असतं. प्रतिभाच्या तोंडाशी आलंही होतं. पण त्या माणसाचा चेहरा बघून तिला जमलं नाही.

“परवाच उमललं, भाऊ. मी कुणाला सांगितलं न्हाई. तिलाबी न्हाई.”

“का?”

प्रतिभानं पाण्यावरची एक पाकळी उचलली. महेंद्रनं मोटरसायकलची किल्ली हातात घेतली. मग म्हणाला, “फोटो काढलाय का?”

“हाय.”

“मग मला पाठवा. मला जाया पाहिजे.”

तिनं सगळे फोटो पाठवले. तो पाणीसुद्धा न घेता निघाला. त्यानंतर तिनं ग्रुपवर सरळ लिहून टाकलं : ‘फूल परवा उमललं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. माझ्या मनात हेवा होता.’

लोकांनी सोडलं नाही. ज्यांना तिनं फुकट कंद दिले होते, त्यांनीही नाही. ‘आजारी माणसाशी कसली स्पर्धा?’ ‘वयाला तरी शोभतं का?’ धनश्रीनं फोन केला. “ताई, टब मी केंदूरला घेऊन जाते. तुमच्याकडं ठेवायचे न्हाईत असं सगळ्यांचं म्हणणं हाय.” प्रतिभा बरं म्हणाली. बिरदेव दिवसभर दुकानात. संध्याकाळी घरी आल्यावर त्याला सगळं कळलं. तो फक्त एवढंच म्हणाला, “आता ती पोरगी वाचू दे.”

ताप उतरला. आठवड्यानं रश्मी वॉर्डात परत आली आणि तिनं प्रतिभाला फोन लावला. आवाज घोगरा होता.

“फोटो बघितले, ताई. मला तुमचा खूप राग आलाय.”

“यायलाच पाहिजे.”

“पहिल्या दिवशीचं बघायचं होतं मला. तिथं पडल्या पडल्या तेवढंच एक वाटत होतं.” ती दम खायला थांबली. “तुमच्या व्हिडिओत तुमचे चिखलाचे हात दिसायचे ना, तेव्हा मी फोन पालथा ठेवायचे. माझे हात बघा म्हणावं, सुयांनी काळेनिळे झालेत. सगळ्या म्हणतात, किती गोड आहेस, किती धीराची आहेस. मला नकोय ते. मला चिखल पाहिजे.”

प्रतिभा पदरानं तोंड दाबून ऐकत राहिली.

“टब कुठं हलवायचे न्हाईत. धनश्रीला सांगितलंय मी. दुसरं कुणी ते मारून टाकेल. कमळाचं तुम्हालाच कळतं.” एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

धनश्रीनं रश्मीचा निरोप ग्रुपवर टाकला. लोक रश्मीच्या मोठ्या मनाचं कौतुक करायला लागले. प्रतिभानं ते वाचलं. रश्मी वाचली म्हणून तिचा जीव भांड्यात पडला होता, आणि तरीही, मोठेपणासुद्धा तिलाच मिळाला, असं वाटून तिला आत चिमटा बसला. तिनं फोन ठेवून दिला आणि टबातली पिवळी पानं काढायला बसली.

भादव्यात त्या रोपाला दुसरी कळी आली. उमलायच्या दिवशी उजाडताच प्रतिभानं रश्मीला व्हिडिओ कॉल लावला, फक्त तिला. फोन विटेला टेकवून ती बाजूला झाली. पलीकडं डोक्याला रुमाल बांधलेली रश्मी पाकळ्या सुट्या होईपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, “पोपटी फोटोतल्यापेक्षा जास्त आहे.”

“व्हय. आईकडनं आलंय ते.”

“तुमच्या कंदाकडनं,” रश्मी म्हणाली. तेच तिनं त्या दिवशी ग्रुपवरही लिहिलं. नावाचं मात्र तिनं हाणून पाडलं. आपण अजून जिवंत आहोत आणि आपल्या नावाचं फूल वगैरे नको, असं तिनं धनश्रीला ठणकावून सांगितलं.

माघात, टब उपसून कंद काढायच्या दिवसांत, रश्मी यवतला आली. अजून गोळ्या चालू होत्या, पण डॉक्टरांनी हिंडायला परवानगी दिली होती. तोंडाला मास्क, डोक्यावर नवे केस बोटभर वाढलेले. चिखलाला हात लावायची मात्र बंदी. महेंद्रनं तिला खुर्ची टाकून दिली आणि प्रतिभा टबातलं पाणी उपसून चिखलाशी बसली.

“हळू, ताई! टोक मोडेल.”

“मी काय आज कंद काढायला लागलेय व्हय?”

“तरी पण. तिथून कापू नका, पेरं सोडा एक.”

“तू गप बस. घशाला कोरड पडंल.”

“माझा राग अजून गेला न्हाई बरं का.”

“ठाऊक हाय मला,” प्रतिभा म्हणाली. तिनं कोपरापर्यंत हात घालून चिखलातून एक लांब, पांढरा, न मोडलेला कंद वर काढला, स्वच्छ पाण्यात खळबळला आणि रश्मीला दिसेल असा धरला. रश्मी खुर्चीत पुढं झुकली.

“अजून असतील खाली,” ती म्हणाली. “नीट चाचपा.”