ढगातलं खाचर

भाजे गावच्या गेणूआबांना कोणी विचारलं, जमीन किती, तर ते आधी उलट विचारायचे, "कुटली? मातीतली का लॅपटॉपातली?" मातीतली अडीच एकर. लॅपटॉपातली एकशे वीस, वर चार ट्रॅक्टर, एक कापणीचं यंत्र आणि चौतीस गाई. या गाईंना ना कधी खुरकत झाली, ना त्यातली एखादी कधी कुणाच्या परड्यात शिरली. निदान त्या आठवड्यापर्यंत तरी नाही.

डॉक्टरांनी आबांच्या उजव्या गुडघ्याला चिखलात उतरायची बंदी केली, तिथून हे सगळं सुरू झालं. सत्तरीचा माणूस ओट्यावर बसून करणार काय? पहिल्या आठवड्यात त्यांनी समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला शेती शिकवली. दुसऱ्या आठवड्यापासून गाव मागच्या वाटेनं जायला लागलं. मग उरले ते शनिवार-रविवारी लेणी बघायला येणारे पाहुणे. त्यातल्या दोघांना आबांनी सांगितलं की ही लेणी आमच्या खापरपणजोबांनी कोरली, एका उन्हाळ्यात हाताला काम नव्हतं म्हणून. एकानं ते वहीत उतरवून घेतलं.

ते ऐकून नात राजेश्वरीनं कपाळावर हात मारला. ती लोणावळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर कामाला. तिनं आपला जुना लॅपटॉप आबांपुढे ठेवला आणि त्यात ट्रॅक्टर चालवायचा, नांगरायचा, पेरायचा गेम घालून दिला. तीन दिवसांत आबा असे रमले की पडद्यावर पाऊस आला तर अंगणातले पापड आत घ्यायचे.

भाऊबीजेला बहीण झुंबरबाई सोमाटण्याहून आली. आबांहून सहा वर्षांनी धाकटी आणि जिभेनं साठ वर्षांनी मोठी. ओवाळून झालं, ती भावाच्या पाठीमागे उभी राहून पडद्याकडे बघत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "दादा, सरक तिकडं. वाकडं नांगरतुयास."

तिनं सरळ नांगरलं. इतकं सरळ, की आबांनी नंतर चष्मा पुसून पाहिलं.

तिथंच ठरलं. शेत एकच ठेवायचं आणि दोघांनी मिळून कसायचं. ओढ्याच्या अलीकडचं आबांचं, पलीकडचं झुंबरबाईचं, निम्मं निम्मं. झुंबरबाईनं पडद्यावर आपल्या वाट्याचे चारही कोपरे बोट लावून मोजले, एवढंच.

त्या मोजण्यामागे तीस वर्षं होती. वडील गेल्यावर तहसील कचेरीत झुंबरबाईनं हक्कसोडीच्या कागदावर सही केली होती. सगळ्याच बहिणी करतात, माहेरचं दार उघडं राहावं म्हणून. बदल्यात हिरवी साडी मिळाली. त्याबद्दल ती आजवर एका शब्दानं बोलली नव्हती. फक्त दर भाऊबीजेला, जेवणं झाली की ओढ्याकडच्या भातखाचराच्या बांधावर जाऊन घटकाभर उभी राहायची आणि परत यायची. आबांना ते ओट्यावरून दिसायचं. म्हणून त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं, की ही एक वाटणी तरी सरळ झाली पाहिजे.

राजेश्वरीनं दोघांना समोर बसवून समजावलं. "आबा, गेम तुमचं सगळं शेत एका फोल्डरात लिहून ठेवतो. ते फोल्डर मी असं लावलंय की आपोआप इंटरनेटवर जातं, ढगात. तिथून आत्याआजीच्या कॉम्प्युटरवर उतरतं. म्हणजे सकाळी तुम्ही नांगरलंत की दुपारी तिच्याकडे नांगरलेलंच दिसणार. फक्त दोघांनी एका वेळी खेळायचं नाही. एकानं गेम बंद केला की कोपऱ्यातल्या ढगावर हिरवी खूण येऊ द्यायची, मगच दुसऱ्यानं उघडायचा."

"म्हंजे पान्याची पाळी," आबा म्हणाले.

"अगदी तसंच!" राजेश्वरी खूश झाली. तिथंच ती फसली.

पहिला पंधरवडा झकास गेला. राजेश्वरीची ड्यूटी दुपारची असायची, सकाळी ती घरात. आबा खेळायचे, ढगावर खूण यायची, आबा सोमाटण्याला फोन लावायचे, "सोडलं गं पानी!" पलीकडून उत्तर यायचं, "आलं, आलं!" मग राजेश्वरीची ड्यूटी सकाळची झाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"दादा, माजं भात कुटं हाय?"

"कुटं आसंल? ढोपराएवढं झालं आसंल."

"ढोपराएवढं? हितं तन हाय तन! काल दोन तास बसून लावलं म्या. वरनं तुज्या गाई माज्या खाचरात हुब्या."

"माज्या गाई गोठ्यातनं हलत न्हाईत."

"मग ह्या काय पावण्या आल्यात?"

आबांनी लॅपटॉप उघडून बघितलं. चौतीसच्या चौतीस गाई बहिणीच्या वाट्यात उभ्या होत्या आणि भाताचा पत्ता नव्हता. त्यांनी स्वतः हाकून त्या परत आणल्या. दुसऱ्या दिवशी झुंबरबाईनं पुन्हा भात लावलं, ते पुन्हा गेलं. पाचव्या दिवशी तिची विहीर गेली. सहाव्या दिवशी आबांचा लाल ट्रॅक्टर तिच्या अंगणात आणि तिचा निळा ओढ्यात सापडला. गावात बातमी पसरली की गेणूआबांच्या लॅपटॉपात भुताटकी शिरली आहे. शेजारच्या चिमाबाईनं लॅपटॉपवरून लिंबू उतरवून दिलं आणि ते कोपऱ्यावर टाकून आली. फरक एवढाच पडला, की बटणांना लिंबाचा वास यायला लागला.

दहाव्या दिवशीचा फोन मात्र हळू आवाजात आला, आणि झुंबरबाई हळू बोलली की समजायचं, काही खरं नाही.

"दादा, एकडाव सही घिऊन नेलीस. म्या काय बोलले का?"

"न्हाई बोललीस."

"आता बिनसहीची नेतुयास."

"झुंबरे, आईच्यान सांगतो, म्या तुज्या बांधाला हात लावला न्हाई!"

"मग कुनी लावला? तिसरं कोन खेळतंय हितं? ऱ्हाऊ दे. तुजं तुला लखलाभ. यंदा गावच्या जत्रंला म्या येनार न्हाई. माजी पुरनपोळी ढगातनं धाड."

फोन बंद झाला. लेण्यांचे पाहुणे समोरून गेले, पण त्यांना कोणी खापरपणजोबा सांगितले नाहीत. संध्याकाळी राजेश्वरी आली तेव्हा आबा म्हणाले, "पोरी, तुज्या ढगानं आमच्यात भांडान लावलं. तीस वर्सं कागदानं लावलं न्हाई ते ढगानं लावलं."

दुसऱ्या दिवशी राजेश्वरीची सुट्टी होती. ती खुर्ची ओढून आबांच्या शेजारी बसली. "तुम्ही रोज खेळता तसंच खेळा. मी फक्त बघते."

आबा खेळले. ओढ्याच्या पलीकडे नजरसुद्धा टाकली नाही. दोन तासांनी शेत जतन केलं, गेम बंद केला, गुडघा धरून उठले, भिंतीपाशी गेले आणि राऊटरचं बटण खटकन खाली केलं.

"आबा! हे काय केलंत?"

"काय केलं? मोटार बंद केली."

"मोटार?"

"पाळी संपली का मोटार बंद करायची. न्हाई तर पानी वाया जातंय, दुसऱ्याच्या वाट्याचं आपल्या शेतात येतंय. तूच म्हनलीस ना, अगदी तसंच?" आबांच्या आवाजात अभिमान होता. अख्ख्या शिवारात पाळीची इतकी शिस्त पाळणारा दुसरा माणूस नव्हता. एकदा तर म्हणे त्यांनी पाळी संपली म्हणून अर्धा भिजलेला वाफा तसाच सोडला होता, आणि त्या वर्षी अर्ध्या वाफ्यात भात आणि अर्ध्यात पोहे आले होते.

राजेश्वरी डोकं धरून हसली, मग हसायचं थांबली, कारण आबा हसत नव्हते.

"रोज बंद करता?"

"तू सकाळची जायला लागल्यापासनं. तू घरात असलीस का तुजा मोबाईल चालू असतो, म्हनून हात लावत नव्हतो. आज तूच म्हनलीस, रोजच्यासारकं खेळा."

"मग ढगावर हिरवी खूण येते का?"

"फिरतंय कायतरी गोल गोल. मोटार बंद केली का ते बी थांबतं. मग म्या झुंबरला फोन लावतो, सोडलं पानी म्हनून."

राजेश्वरीनं बटण वर केलं आणि फोल्डर उघडलं. "बघा आबा. तुम्ही नांगरलेलं वर जायच्या आतच तुम्ही वाट बंद करत होता. तिकडे आत्याआजीला कालचंच शेत मिळायचं. त्यावर ती भात लावायची. दुसऱ्या सकाळी तुम्ही बटण चालू केलं की ढगापुढे एकाच शेताच्या दोन वह्या, एक तुमची, एक तिची. खरी कुठली, ते त्याला काय माहीत? आणि वही म्हटलं तरी ती एक नसते. शेतांची वेगळी, जनावरांची वेगळी, यंत्रांची वेगळी. काही तुमच्या राहिल्या, काही तिच्या."

"म्हनून गाई भातात."

"म्हणून गाई भातात. एकाच मशीनवर खेळलं तर सहसा काही बिघडत नाही. दोन ठिकाणांहून खेळलं आणि मधेच वाट तुटली की असा घोळ होतो. चूक माझीच, आबा. गेमचं फोल्डर मी ढगात ठेवायलाच नको होतं."

"मग तिचं भात? गेलं ते गेलं?"

"थांबा." राजेश्वरीनं बोटानं दाखवलं. एकाखाली एक दहा फोल्डरं, प्रत्येकाच्या नावापुढे 'सोमाटणे'. "गोंधळ झाला तरी ढगानं काही फाडलं नाही. रोज आत्याआजीची वही नाव घालून बाजूला ठेवलीय."

तिनं विहीर जायच्या आदल्या दिवशीची वही उघडली. आबा चष्मा वर करून, मग खाली करून बघायला लागले.

ओढ्याच्या पलीकडे भात उभं होतं. बाजूला विहीर, आणि विहिरीपाशी एक झाड. बांध सरळ जात जात त्या झाडापाशी आला होता आणि त्याला वळसा घालून पुढे गेला होता. सरळ नांगरणाऱ्या बाईनं बांध वाकडा घातला होता. खऱ्या ओढ्याकडच्या खाचराचा बांध तसाच होता. वडिलांनी उंबर तोडायचा नाही म्हणून त्याला वळसा दिला होता. त्या उंबराखाली बसून लहानपणी झुंबर राखणीला असायची. उंबर पडून वीस वर्षं झाली. वळसा मात्र अजून तिथंच होता. आबांनीच तो कधी सरळ केला नव्हता. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आबांनी पडद्यावरच्या वळशावरून बोट फिरवलं.

"ह्ये समदं हातात घिऊन जाता येतं का?" आबांनी विचारलं. "ढगातनं नगं. माज्या खिशातनं."

दुसऱ्या दिवशी मळवलीहून तळेगावपर्यंत लोकल, पुढे सोमाटण्यापर्यंत रिक्षा, असे आबा निघाले. अंगातल्या कोपरीच्या आतल्या खिशात पेन ड्राइव्ह, त्याला वरून रुमालाची गाठ. कोणी विचारलं तर म्हणत होते, "बहिनीचं शेत घिऊन चाललोय." रिक्षावाल्यानं मागे वळून दोनदा बघितलं.

झुंबरबाई दारातच उभी होती.

"कोन पायजे?"

"बहीन हाय का घरात?"

"न्हाई. ढगात गेलीया."

"मग उतरू दे तिला. तवर च्या ठिव."

चहा झाला. आबांनी मोटारीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, आणि जन्मात पहिल्यांदा एकही गोष्ट न वाढवता सांगितली. झुंबरबाई ऐकत होती, तोंडावरचा पदर हलत होता.

"म्हंजे पानी सोडलं म्हनून फोन करायचास, आन् मोटार बंद?"

"व्हय."

"पाळीचा लय मोठा पंडित तू!" आणि मग ती अशी हसली की शेजारची कोंबडी अंड्यावरून उठली.

झुंबरबाईच्या नातवानं पेन ड्राइव्ह लावून दिला. शेत पडद्यावर आलं. झुंबरबाईनं विहीर बघितली, भात बघितलं, मग चारही कोपऱ्यांना बोट लावलं. आबांनी तिला मोजू दिलं.

"झुंबरे," मग ते म्हणाले, "ओढ्याकडचं खाचर तुजं."

"दिसतंय की. म्याच लावलंय."

"ह्ये न्हाई. मातीतलं. सोमवारी कचेरीत जाऊन कागद करू. माज्या खिशात आधार कार्ड बी हाय, बघ."

झुंबरबाईनं पडद्यावरचं बोट काढलं नाही. ते त्या वळशापाशीच थांबलं होतं. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "आन् लावनी कोन करंल? माजं बी गुडघं गेल्यात."

"बसून नांगर की. माज्या ओट्यावरनं."

"जत्रंला येते मग. पोळ्या म्याच लाटीन, तुज्या घरच्या दगडागत असत्यात." ती उठली, चहाचे कप उचलले, आणि आतल्या दारात थांबून वळली. "आन् दादा, त्या कागदाची एक कापी माज्यापाशी ऱ्हाईल. ढगात न्हाई ठिवायची."