सत्तावीस हजार किलोमीटर

अनंताचा सगळा पुळका फोनवर. "आई, जेवलीस का? गोळ्या घेतल्यास का?" एवढं विचारलं की मुलाचं कर्तव्य संपलं. पाच वर्षांत तो सॅन फ्रान्सिस्कोहून मुरुडला एकदाही आला नव्हता. थोरल्या बहिणीला, कल्पिताला, सांगायचं कारण ठरलेलं. "ताई, जाण्यायेण्यात चार दिवस मोडतात गं. लांब पडतं."

आईला, सखूबाईंना, ते पटायचं. "लांब हाय तो, पोरी," म्हणून त्या उलट कल्पितालाच गप्प करायच्या. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काय उगाच? जवळचा डोंगर मात्र दर सोमवारी आणि गुरुवारी पहाटेच्या एसटीनं आईला डायलिसिससाठी अलिबागला न्यायचा, तिला ओकारी आली की पिशवी धरायचा आणि उरलेल्या वेळात लोकांचे ब्लाउज शिवायचा. पावणेतीन वर्षं हेच चाललं होतं.

त्या गुरुवारी डॉक्टरांनी कल्पिताला बाजूला घेतलं. हृदय थकलंय, म्हणाले, ज्यांना भेटायचंय त्यांना या महिन्यात बोलावून घ्या. आई आत मशीनवर असताना तिनं बाहेरच्या बाकावरून अनंताला फोन लावला.

"इतक्या लांबून लगेच कसा येणार, ताई? दिवाळीत बघतो."

फोन ठेवून तिनं पहिल्यांदाच मोबाईलवर शोधलं. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा हजार किलोमीटर, थेट विमान असेल तर सोळा तास. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुरुड-अलिबाग पन्नास किलोमीटर आणि दोन तास, हे तिला शोधावं लागलं नाही.

संध्याकाळी आईच्या खाटेशी बसून तिनं पुन्हा फोन लावला, आईलाही ऐकू जाईल असा.

"सोळा तास, अनंता. तेवढे तास तर मी दर पंधरवड्याला एसटीत बसते. पन्नास जायचे, पन्नास यायचे, आठवड्यातून दोनदा. जाऊन-येऊन सत्तावीस हजार कधीच झाले. आईला घेऊन मी तुझ्या दाराशी येऊन परत गेले. तू अजून घरातनं निघाला न्हायस."

"हे काय बोलणं झालं? मी तुमच्यासाठी गाडी ठरवून देतो," अनंता म्हणाला. "आई, तू तरी तिला समजाव."

सखूबाई उठून बसल्या, त्यांनी फोन मागितला. आता पुन्हा आपल्यालाच गप्प करणार, या विचारानं कल्पिताला फोन भिंतीवर फेकावासा वाटला.

"अनंता, डाक्तर काय बोलला ते न सांगताच मला कळलंय," सखूबाई म्हणाल्या. "लांब हायस म्हणून मी हिचंच तोंड बंद करत आले, ती चुकी माझी. आता ऐक. मी गेले की ही तुला कळवील, पण तुझ्यासाठी कुणी थांबायचं न्हाय. अग्नी हीच देईल."

सखूबाईंनी फोन बंद करून मुलीच्या हातात दिला.