गादीखालची घडी

गास गावातल्या घराच्या अंगणात चटईवर सोललेली केळी सुकत होती. शेजारी प्लासिडने एक काळपट, पातळ ताव उन्हात टाकला होता.

"केळी सुकली की त्यांची गोड सुकेळी होतात," त्याची आई आग्नेस म्हणाली. "तुझं हे सुकून काय होणार?"

"वीज होणार, आय."

"मग बटण कुठं आहे?"

प्लासिड हसला, पण समजावत बसला नाही. आयला काय कळणार, असं त्याला वाटलं.

ते १९८४ साल होतं. गोखिवऱ्याच्या एका लहानशा कारखान्यात त्याने हा ताव घडवला होता. प्लास्टिकवर सौर सेलचा थर, इतका हलका की जवानाने पाठपिशवीवर पसरावा आणि डोंगर चढताना वायरलेसची बॅटरी भरून घ्यावी. सोमवारी लष्कराचे अधिकारी येणार होते. ताव चालला तर काम पुढे जाणार, नाहीतर बंद.

रविवारी प्लासिड तयारीसाठी कारखान्यात गेला. संध्याकाळी देवळाची घंटा झाली, तशी आग्नेसने दव पडण्याआधी केळी उचलली आणि तावही उचलला. साहेबांना चुरगळलेला कसा दाखवायचा? देवळात मिस्साच्या प्रार्थनेला घालायचे कपडे ती गादीखाली ठेवून कडक करायची. तशीच तिने कोपऱ्याला कोपरा जुळवून तावाची चौघडी केली, वरून हात फिरवला आणि गादीखाली, मुलाच्या पँटखाली ठेवली.

केळीचं पान वाकवलं तर वळतं. घडीवर नख ओढलं की चिरतं. थराचंही तसंच झालं. सोमवारी मीटरचा काटा हललाच नाही.

काय घडलं ते प्लासिडने खालमानेने सांगितलं. अधिकारी रागावले नाहीत. "तंबूत शिरल्यावर माझा जवान तरी घडी घालण्यावाचून दुसरं काय करील?" एवढंच म्हणून ते निघून गेले. काम बंद झालं.

"माझ्या वस्तूंना पुन्हा हात लावू नकोस!" घरी येऊन तो ओरडला.

अधिकाऱ्यांचं वाक्य मात्र त्याच्या मनातून जाईना. पुढच्या हिवाळ्यात उरलेल्या तावांचे छोटे तुकडे त्याने कापडावर शिवले. मध्ये फटी ठेवल्या, घडी तिथेच पडावी म्हणून. ते कापड त्याने अंगणात आईपुढे पसरलं.

"आय, घाल घडी. कशीही घाल."

तिने हात लुगड्यात ओढून घेतले. "नको रे बाबा. मोडेल माझ्या हातून."

"मोडू दे. मोडलं तर कळेल तरी मला."

"तुला कळतं सगळं."

घंटा झाली. आग्नेस उठली आणि केळी गोळा करू लागली. कापडाला पाय लागू नये म्हणून ती दर खेपेला लांबून वळसा घालत होती.