मीटरच्या खोलीतली बाटली

कर्वेनगरमधल्या त्या सोसायटीत पार्किंगच्या मागे गाजरगवत माजलं होतं. उपटून उपटून माळी थकला, तेव्हा सेक्रेटरी श्रीधर आठल्ये स्वतः मार्केट यार्डाजवळच्या दुकानातून तणनाशकाचा कॅन घेऊन आले. पॅराक्वाट. "दोन दिवसांत जळून जातं बघा," एवढंच दुकानदार म्हणाला होता.

खरंच जळून गेलं. ते पाहून शेजारच्या सोसायटीतल्या आमोदने थोडं मागितलं. श्रीधररावांनी कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत त्याच्यापुरतं ओतलं आणि बाटली मीटरच्या खोलीत ठेवून ते जेवायला वर गेले.

एप्रिलचं ऊन होतं. उत्तरेश्वर, बार्शीकडचा माळी, कुंड्या हलवून घामाघूम झाला आणि सावलीला त्या खोलीत टेकला. थोड्या वेळाने श्रीधररावांच्या दारात तो हसत उभा होता.

"साहेब, ती खालची बाटली लई नासलीया. तोंड पोळलं पार."

श्रीधरराव ताटावरून उठले. "गिळलंस?"

"एखादा घोट ग्येला आसंल. बाकी थुकलं की. चूळ भरली."

रिक्षात श्रीधररावांनी कॅन मांडीवर घेतला होता. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर प्रियदर्शनी यांनी कॅनवरचं लेबल दोनदा वाचलं.

"अहो, तो चालत आलाय," श्रीधरराव म्हणाले. "बोलतोय नीट."

"चालतच येतात, काका. पहिले काही दिवस असेच जातात. याला उतारा नाही. कोळशाची पूड पाजू, डायलिसिस करू. पण एक घोटही पुरतो."

"मग हे विकतात कसं?"

"ते मला नका विचारू."

तिसऱ्या दिवशी उत्तरेश्वरच्या जिभेची साल निघाली. लघवी कमी झाली. पाचव्या दिवशी धाप लागली. त्याची बायको सोजरबाई खाटेपासून हलत नव्हती. पलीकडच्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून तिने डॉक्टरांना विचारलं, "तेन्ला नळी लावलीया, मग ह्यास्नी का न्हाई?"

"हे विष फुप्फुसात जाऊन बसतं, ताई. ऑक्सिजन दिला की ते आणखी जाळतं. अगदीच नाइलाज झाला तर देऊ."

सोजरबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हंजी हवाच मारनार व्हय ह्यास्नी?"

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळल्या.

त्याच दुपारी हवालदार जबाब घ्यायला आला. तो येण्याआधी सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब यांनी श्रीधररावांना जिन्यात गाठलं होतं. "फवारणी माळीच करायचा. त्यानेच बाटली भरली असेल आणि विसरला असेल. सत्तरीत कोर्टाच्या पायऱ्या कशाला चढता?" श्रीधरराव त्यांच्यावर चिडलेसुद्धा. पण हवालदारासमोर त्यांच्या तोंडून निघालं, "बाटली कोणी भरली ते नक्की आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी ते खाटेशी गेले तेव्हा उत्तरेश्वरने खुणेनेच जवळ बोलावलं. प्रत्येक शब्दामागे त्याला थांबावं लागत होतं.

"साहेब, म्या भरली हुती का वं? हवालदार इचारत हुता. मला कायबी याद यीना."

हा माणूस मरता मरता स्वतःचीच चूक आठवायला बसला होता. श्रीधररावांनी खाटेची कड घट्ट धरली.

"मी भरली होती, उत्तरेश्वर."

त्याने डोळे मिटले. श्रीधरराव वॉर्डबाहेर जायला वळले, तेव्हा मागून आवाज आला, "पोरीची परीक्षा हाय. तिला आत्ताच सांगू नगा."

आठव्या दिवशी नळी लावली. ती का लावली हे सोजरबाईला सांगावं लागलं नाही. नवव्या दिवशी सकाळी तो गेला.

श्रीधरराव थेट पोलीस चौकीत गेले आणि पहिला जबाब खोटा होता असं सांगून दुसरा लिहून दिला. मग शवागाराबाहेर बसलेल्या सोजरबाईलाही त्यांनी सगळं सांगितलं.

"येक चिठ्ठी तरी चिकटवायची, साहेब. तुमास्नी लिव्हाया येतंय की."

केस अजून चालू आहे. आप्पासाहेब त्यांच्याशी बोलत नाहीत. सोजरबाई जूनमध्ये गावाहून परत आली, कारण मुलीचं, भाग्यश्रीचं कॉलेज इथेच होतं. चौकापलीकडच्या दोन घरांत ती स्वयंपाक करते. सकाळी कधीतरी ती समोरून येते. श्रीधरराव थांबतात. ती पिशवी दुसऱ्या हातात घेते आणि रस्ता ओलांडून जाते.